नात्याचा रकाना

बाईंच्या प्रत्येक ब्लाऊजला खिसा असायचा. पुरुषांच्या शर्टाला असतो तसा, डाव्या बाजूला. त्यात एक निळं पेन, एक लाल पेन आणि टाइपरायटरचं गोल खोडरबर. भद्रकालीतल्या शिंप्यानं पहिल्यांदा नाहीच म्हटलं होतं म्हणे. "बायकांच्या ब्लाऊजला खिसा नसतो बाई." बाई म्हणाल्या, "म्हणूनच सहीच्या वेळी बायकांना दुसऱ्याचं पेन मागावं लागतं. तुम्ही शिवा." त्यानं शिवला, आणि पुढं वीस वर्षं शिवत राहिला.

नाशिकच्या कलेक्टर कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली अर्ज लिहून देणाऱ्यांची सात-आठ टेबलं होती. एक सोडून सगळ्या टेबलांवर पुरुष. ते एक बाईंचं. मराठी टाइपरायटर, कार्बनची चपटी पेटी, उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेला गोदावरीतला काळा गोटा. बाई मनमाडच्या. वडील रेल्वेत खलाशी, घर बौद्ध वस्तीतलं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण शाळेत घातलं तेव्हा वडिलांनी सांगितलेलं नाव गुरुजींनी लिहिलंच नाही. "तुमच्यात अशीच नावं असतात," म्हणत त्यांनी दगडधोंड्यांतलं एक नाव रजिस्टरला टाकलं. मॅट्रिक होईपर्यंत बाईंनी ते वागवलं. मग नाव बदलायचा अर्ज लिहून घ्यायला त्या याच शेडखाली आल्या. अर्ज लिहिणाऱ्यानं तीनदा चुका केल्या. "तेव्हा वाटलं, हे काम मला जमेल," असं त्या सांगायच्या. नवं नाव त्यांनी स्वतः निवडलं होतं, पण ते कोणी घेतलंच नाही. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो.

मी त्यांच्याकडे गेले ते गिऱ्हाईक म्हणून. सत्तरचं दशक निम्मं सरलं असेल. माझा नवरा तालुक्याच्या गावी मास्तर. त्याचं घर सोडून मी एका पिशवीनिशी पंचवटीत भावाकडे आले होते. अंबडला नव्या कारखान्याच्या ऑफिसात कारकुनाची जागा निघाली होती. मॅट्रिकचं सर्टिफिकेट हवं होतं, आणि ते नवऱ्याच्या कपाटात. भावानं शिकवून पाठवलं होतं, त्याप्रमाणे मी बोलले.

"सर्टिफिकेट गहाळ झालंय. दुसरी प्रत मिळावी म्हणून अर्ज हवाय."

"कुठं गहाळ झालं?"

बाईंचा एक डोळा किंचित बारीक होता. तो रोखून त्या थांबल्या. थांबण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. शेवटी मी खरं सांगितलं.

"म्हणजे ते नवऱ्याच्या कपाटात आहे."

"हो."

"मग ते गहाळ नाही. कुठं आहे ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे."

आणि त्यांनी तसंच टाइप केलं. 'माझे प्रमाणपत्र गहाळ झालेले नसून पतीने स्वतःजवळ ठेवून घेतले आहे.' बोर्डाकडून उत्तर आलं, गहाळ झाल्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र जोडावं. बाईंनी पुन्हा तेच वाक्य पाठवलं. पुन्हा उत्तर. तिसऱ्या वेळी त्यांनी अर्जाची एक प्रत नवऱ्याला आणि एक त्याच्या हेडमास्तरांना रजिस्टर पोस्टानं धाडली. आठ दिवसांत पाकिटातून सर्टिफिकेट आलं. चिठ्ठी नाही, काही नाही. मधोमध एक घडी तेवढी पडलेली.

या सगळ्यात पाच महिने गेले. अंबडची जागा भरली गेली. मी तणतणत बाईंकडे गेले. "खोटं लिहिलं असतं तर मला नोकरी लागली असती!"

"लागली असती," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि जन्मभर कागदावर तुम्ही निष्काळजी राहिल्या असत्या. सर्टिफिकेट हरवणारी बाई." मग शेजारच्या स्टुलावरचा पसारा उचलून म्हणाल्या, "दुसरं मशीन पडून आहे. नोकरी लागेपर्यंत शिकून घ्या."

मी नऊ वर्षं तिथं बसले.

त्या कोणालाच 'तू' म्हणत नसत. भाजीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांना तुम्ही, झाडूवालीला तुम्ही, तहसीलदारालाही तुम्हीच. मला नऊ वर्षांत एकदाही 'अगं' म्हणाल्या नाहीत. सुरुवातीला ते परकं वाटायचं. मग एकदा आडगावची एक म्हातारी त्यांच्यासमोर रडायला लागली. बाई घाबरल्या, "काय झालं? माझं काही चुकलं का?" म्हातारी म्हणाली, "नाय वो, मला कोन आवजाव करत नाय, म्हनून."

काही शब्द त्यांचं मशीन उमटवत नसे. अबला, बिचारी, निराधार. "नवऱ्यानं टाकलेली" असं कोणी सांगितलं की त्या विचारायच्या, "तुम्ही काय भांडं आहात?" आणि लिहायच्या, 'पतीपासून वेगळी राहणारी'. अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक' लिहायला त्यांचा सक्त विरोध. "यांनी साहेबांची कुठली आज्ञा पाळलीय? रस्त्याला दिवा मागतायत." शेजारच्या टेबलावरचे हसायचे. बाईंचे अर्ज उर्मट असतात, कामं होत नाहीत, असं गिऱ्हाइकांच्या कानांत सांगायचे. खरं म्हणजे कामं होत, फक्त उशिरानं.

शेडच्या कडेला चहाची गाडी होती. गाडीवाल्यानं दांडी तुटलेला एक कप बाजूला ठेवलेला असे आणि बाईंना चहा त्याच कपातून येई. सुरुवातीला मला ते लक्षातही आलं नाही. लक्षात आलं त्या दिवशी मी लाजेनं लाल झाले, पण बाई निवांत चहा पीत होत्या. पुढं एके सकाळी त्या गाडीपाशी गेल्या, डझनभर कपांचे पैसे मोजून दिले, सगळे कप फळीवर ओळीनं मांडले आणि काळ्या गोट्यानं टक् टक् करत एकेकाची दांडी उडवली. एकही कप फुटला नाही. "आता कुठला कोणाचा ते ओळखा," म्हणाल्या आणि येऊन कामाला लागल्या. गाडीवाला कंजूस. पुढचे सहा महिने सगळ्या वकिलांनी बोटं भाजून घेत त्याच कपांतून चहा प्याला. नवे कप आले तेव्हा मात्र त्यानं वेगळा कप ठेवला नाही. भांडण असं झालंच नाही. बाईंना भांडताना मी कधी पाहिलंच नाही.

त्यांचं सगळंच मला पटायचं असं नाही. मखमलाबादकडून फुलं विकायला येणारी एक बाई नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध अर्ज करायला आली. "पडले असं लिहा, तेवढंच पुरे," म्हणत होती. बाईंनी तिच्याकडून सगळं बोलतं करून घेतलं आणि सगळं लिहिलं. अर्जाची नक्कल तिच्या टोपलीत नवऱ्याला सापडली. आठवड्यानं ती आली ती हात गळ्यात बांधून. बाईंनी दोन दिवस मशीनवरचं कापड काढलं नाही. तिसऱ्या दिवशी काढलं आणि काम जसं चाले तसं सुरू झालं. पण खरं लिहायची किंमत दर वेळी लिहिणाऱ्याला पडत नाही, हे माझ्या मनात बसून राहिलं.

ऐंशीचं दशक लागलं होतं, तेव्हा दोन सिस्टर आल्या. दोघी एकाच दवाखान्यात नर्स. मोठ्या सिस्टर पंचेचाळिशीच्या, उंच, मूळच्या सायखेड्याच्या. धाकट्या सात-आठ वर्षांनी लहान, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या. बारा वर्षं दोघी एका भाड्याच्या खोलीत राहत होत्या. नव्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर मिळण्यासारखं होतं. अर्ज दोघींच्या नावे करायचा, आणि त्यात रकाना होता, 'सहअर्जदाराशी नाते'.

"बहीण लिहा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"सख्ख्या?"

"नाही."

"चुलत? मावस?"

"बाई, तसं काही नाही. पण बहीण लिहिलं तर अर्ज पुढं जातो."

"मग बहीण कसं लिहू? जे आहे ते सांगा, ते लिहिते."

धाकट्या सिस्टरांनी बोटावरचा पदर आवळला. मोठ्या हसल्या, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "जे आहे ते लिहून घर मिळत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

दोघी उठल्या. बाईंनी त्यांना थांबवलं नाही. दुपारी बाई तहसीलमध्ये गेल्या, तेव्हा मी शेडबाहेर पाहिलं. सिस्टर समोर बस स्टँडच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, कुठं जावं ते न कळल्यासारख्या. मला ती फुलवाली आठवली. मी त्यांना हाक मारली आणि माझ्या मशीनवर टाइप करून दिलं, 'मावसबहीण'. बाईंना सांगितलं नाही.

त्यांना घर मिळालं.

चार वर्षांनी त्या पुन्हा आल्या. मोठ्या सिस्टर निम्म्या झाल्या होत्या. पोटात गाठ. "मला किती दिवस आहेत ते मला माहीत आहे," त्या एखाद्या पेशंटबद्दल सांगावं तसं म्हणाल्या. "सायखेड्याला भाऊ आहे. मी गेल्यावर तो येईल आणि म्हणेल, आमच्या आईला बहीणच नव्हती, मग मावसबहीण कुठून आली? हिला बाहेर काढेल. घर हिच्याकडे राहील असं काहीतरी करून द्या."

त्यांनी जुन्या अर्जाची नक्कल टेबलावर ठेवली. बाईंनी ती डोळ्यांजवळ नेली. माझ्या मशीनचा 'ण' थोडा खाली बसायचा. बाईंनी नक्कल खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सिस्टरांकडे वळल्या.

त्या दोघी गेल्यावर मी म्हटलं, "बाई, मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर मी लिहू दिलं नसतं." त्या खोडरबर खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवत राहिल्या. "चार वर्षं त्या स्वतःच्या घरात राहिल्या त्या तुमच्यामुळं. माझं ऐकलं असतं तर खोलीतच असत्या. माझं चुकलं त्या दिवशी."

मग मशीनकडे बघत, "म्हणजे ते नवरा-बायकोसारखं आहे का?"

"मला माहीत नाही बाई. मी विचारलं नाही."

"बरोबर केलंत. नवरा-बायकोला तरी कोण विचारतं, तुमचं नक्की काय आहे म्हणून?"

आज या गोष्टींना शब्द आहेत, मोर्चे आहेत, पुस्तकं आहेत. माझ्या भावाची नात त्या शब्दांत सहज बोलते आणि मी ऐकत राहते. तेव्हा आमच्याकडे एकही शब्द नव्हता. होती ती फक्त टिंगल. शेडमधले लोक "सिस्टर-सिस्टर आल्या" म्हणून एकमेकांना कोपर मारायचे. माझ्याही मनात कुठंतरी किंतु होता, तो नाकारून काय उपयोग? मला त्यांची दया येत होती, आणि दया म्हणजे समजणं नव्हे. बाई मात्र त्या प्रश्नाच्या मागंच लागल्या. ओळखीच्या वकिलाकडे जाऊन मृत्युपत्राचा कायदा समजून घेतला. वकील म्हणाले, नातं लिहायची गरज नाही, नाव आणि पत्ता पुरे.

मृत्युपत्र लिहायच्या दिवशी बाईंनी मोठ्या सिस्टरांना तसं सांगितलं. "नातं नाही लिहिलं तरी चालतं. लिहायचं का?"

"लिहा. एकदा तरी कुठंतरी लिहिलेलं राहू दे."

"मग सांगा. या तुमच्या कोण?"

बस स्टँडवरून गाड्यांची नावं पुकारल्याचं ऐकू येत होतं. धाकट्या सिस्टर खाली मान घालून बसल्या होत्या. मोठ्या त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "माझं माणूस आहे."

बाईंची बोटं चालली. 'माझे माणूस'. त्यांनी तो कागद नेहमीसारखा मोठ्यानं वाचून दाखवायला घेतला आणि तिथवर येऊन आवाज खाली आणला. मागच्या अर्जातलं नातं चुकीचं होतं, असंही त्यात एका ओळीत लिहावं, असं बाईंच्या मनात होतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "ते नको. त्यानं हिलाच त्रास होईल." बाई म्हणाल्या, "बरं. नको." कोणाचं 'नको' त्यांनी इतक्या पटकन मान्य केल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. साक्षीदार म्हणून मी सही केली आणि चहाच्या गाडीवाल्यानं.

त्यानंतर मोठ्या सिस्टरांनी भावाला दोन पत्रं बाईंकडून लिहून घेतली. आजारी आहे, भेटून जा, एवढंच. दोन्ही रजिस्टर पोस्टानं गेली, दोन्हीच्या पोचपावत्या भावाच्या सहीनं परत आल्या. भाऊ आला नाही. सहाव्या महिन्यात सिस्टर गेल्या.

आणि मग तो आला. आमच्याच टेबलापुढं. त्याला काही माहीत नव्हतं. बायांच्या कज्ज्याचा अर्ज बाई चांगला लिहितात, एवढंच कोणीतरी सांगितलं होतं. टोपी, स्वच्छ धोतर, उन्हानं काळवंडलेला चेहरा. बसायची ढब थेट मोठ्या सिस्टरांची.

"बहीन व्हती माझी, दवाखान्यात नर्स. वारली. तिच्या घरात एक बाई घुसून बसलीय. कागद केलाय म्हनती. आमचं तिचं काय बी नातं नाय. आमच्या आईला बहीनच नव्हती, तर मावसबहीन आली कुठून? तसा अर्ज लिहा."

बाईंनी हात मशीनवरून काढले. "थांबा. आधी एक सांगते. तो कागद मीच टाइप केलाय. माझ्याकडून अर्ज नको असेल तर शेजारचं टेबल आहे. तेही चांगलं लिहितात."

मला वाटलं, तो ओरडेल. त्यानं टाइपरायटरकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग तुम्हाला म्हाईत असंल. ती बाई तिची कोन लागत व्हती?"

"तुमच्या बहिणीनं लिहून ठेवलंय, माझं माणूस."

त्यानं ते दोन शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. "आन् मी? माझं नाव हाय का त्यात?"

"नाही."

मी तांब्या पुढं केला. तो पाणी प्याला, तोंड पुसलं. "लिहा अर्ज."

बाईंनी कागद चढवला. तारीख टाइप केली. "आजारात बहिणीला भेटायला कधी गेला होतात?"

"नाय गेलो."

"कळलं नव्हतं?"

बाईंच्या ड्रॉवरमध्ये दोन पोचपावत्या होत्या. त्यांनी ड्रॉवरला हात लावला नाही. त्या थांबल्या, माझ्या वेळी थांबल्या होत्या तशाच.

"पत्र आलं व्हतं," तो म्हणाला. "दोन आली व्हती."

"तेही अर्जात येईल. मी अर्धं लिहीत नाही."

त्याचं लक्ष आता आमच्याकडे नव्हतंच. "चोवीस वर्सांची व्हती तवा चांगलं स्थळ आनलं व्हतं म्या. नाय म्हनली. मी म्हनलो, मंग ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नको. नाय ठेवला तिनं. लय हट्टी. मला वाटायचं, ती येईल. तिला वाटत आसंल, मी येईन." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "पत्र वाचून दाखवलं पोरीनं. दोन्ही बारीला. मी म्हनलो, कांदा काढून झाला का जाऊ."

मशीनवर नुसती तारीख होती.

"नका लिहू," तो म्हणाला.

बाईंनी मशीनचा रूळ उलटा फिरवून कागद काढला. तो उठला, दोन पावलं गेला आणि वळला. "त्या घराचा पत्ता देता का? भायेरून बघतो. आत नाय जात."

"तिथं राहतात त्यांना विचारावं लागेल. पुढच्या आठवड्यात या."

तो आला नाही. अर्जही कुठून आला नाही. बाईंनी धाकट्या सिस्टरांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आला तर देऊन टाका पत्ता." पुढं काही महिने, टोपीवालं कोणी शेडकडे येताना दिसलं की बाई चष्मा वर करून बघायच्या.

मला अंबडला नोकरी लागली ती त्याच वर्षी. शेवटच्या आठवड्यात मी बाईंच्या जुन्या फायली लावून देत होते, तेव्हा धाकट्या सिस्टर आल्या. हातात दवाखान्याचा छापील कागद. नोकरीच्या नोंदी नव्यानं भरायच्या होत्या. नाव, पत्ता, शिक्षण त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. एकच ओळ राहिली होती, तातडीच्या वेळी कोणाला कळवावे.

"इतकी वर्षं ताईंचं नाव होतं," त्या म्हणाल्या. "आईवडील नाहीत. भाऊ-बहीण नाही. मला आता कोणाचं नाव सुचत नाही. रिकामं ठेवलं तर क्लार्क परत पाठवतो." मग कसनुसं हसून, "काहीतरी खोटं नाव टाकून द्या ना बाई, कोण बघतंय."

बाईंनी कागद आपल्याकडे ओढला. खिशातलं निळं पेन काढलं. त्या ओळीवर त्यांनी आपलं नाव लिहिलं, त्यांनी स्वतः निवडलेलं, पूर्ण, आणि खाली शेडचा पत्ता. धाकट्या सिस्टर बघतच राहिल्या. पुढं, कंसात, नात्यासाठी छापलेली मोकळी जागा होती. बाईंचं पेन तिथं जाऊन थांबलं.

"इथं काय लिहायचं?" सिस्टरांनी विचारलं.

"ते राहू द्या आत्ता," बाई म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं. "रविवारी मी तुमच्याकडे जेवायला येते. पुढचं पुढं बघू."